भूलवाल्या बाईंचा ब्रेक

गाडीतून उतरल्या की बाई आधी माझ्याकडे बघत नसत. पुढच्या चाकाशी वाकत, आजारी लेकराच्या कपाळाशी धरावा तसा तळहात चाकाजवळ धरत आणि मग सांगत, "ताप आहे रे हिले." कधी नुसतीच कणकण असे, कधी "आज बरी आहे" असा निकाल लागे. लांबून जोरात आलेल्या गाडीचे ब्रेक तापणारच, त्यात तपासायचं काय, असं मी किती वेळा म्हटलं असेल. पण ऐकतील त्या बाई कसल्या!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर तुमचं जाणं-येणं असेल तर ती गाडी तुम्हीही पाहिली असेल. गर्द हिरवी, बसकी, जुनी पेट्रोल गाडी. एके काळी कॉलेजातली पोरं तिच्याकडे बघून उसासे टाकत. कंपनीने ती बनवणं कधीचंच बंद केलं, पण रस्त्यावर तिचा तोरा तोच होता. ती तुम्हाला मागे टाकून भुर्रकन निघून गेली असेल आणि आत कोण्या श्रीमंताचं उनाड पोर आहे असं समजून तुम्ही दोन शिव्या दिल्या असतील, तर त्या परत घ्या. आत पिकल्या केसांचा अंबाडा घातलेल्या, सुती साडीतल्या एक बाई होत्या आणि त्यांना खरोखरच घाई होती.

त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. भूलतज्ज्ञ हा शब्द दवाखान्याच्या पाटीवर. लोकांच्या तोंडी भूलवाली बाई. मूल तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांची ही लेक, राहायला चंद्रपुरात. फोन यायचा तो मात्र कुठूनही. कधी चामोर्शी, कधी आष्टी, कधी पार आलापल्लीहून.

"सर्जन असते, टेबल असते, लाइट असते," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. "बाई कळा देऊन राह्यली असते. फक्त भूल देणारंच कोणी नसते. मंग सांग, मी हळू कशी चालवू?"

मूल रोडवर माझं गॅरेज आहे. बाई रस्त्यात असल्या की मी आपला मनातल्या मनात त्यांच्या गाडीचे नट-बोल्ट तपासत बसायचो.

एका सकाळी त्या आल्या आणि चाकाला हात न लावताच म्हणाल्या, "ब्रेक बदलव. सगळे. मोठे लाव."

"चांगले तं आहेत बाई. काऊन बदलवता?"

"सूरजागडच्या खाणीचे ट्रक पाहिले ना तू? समोरून एक आला तं रस्ताच उरत नाई. अन् बाजूनं चितळ उडी मारते. थांबता आलं पाहिजे."

कारण पटण्यासारखं होतं. पण खरं सांगू, मी कारण नीट ऐकलंच नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आमच्याकडे येतात ते जीप नाहीतर ट्रॅक्टरच्या तक्रारी घेऊन. जुन्या पळणाऱ्या गाडीला मोठे ब्रेक लावायला आजवर कोणी आलं नव्हतं. माझी समजूत अशी झाली की बाईंना आता आणखी जोरात चालवायची आहे. या वयात काय हौस, असं मनाशी म्हणत मी हसलोसुद्धा.

त्याच गाडीचा एक जड भाऊ नंतर बाजारात आला होता. त्याच्या पुढच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर मी नागपूरहून आणवले. मागे जुने ड्रम ब्रेक होते, ते काढून तिथेही डिस्क बसवल्या. सगळं छान जमलं. पोरांना चहा सांगितला. मग चाक उचलून लावायला गेलो तर चाक बसेना. कॅलिपर एवढे मोठे की जुन्या चाकाच्या पोटात मावेनात. तीच ती गाडीबरोबर आलेली चांदीच्या रंगाची चाकं, बाई ज्यांना दर रविवारी स्वतः पुसायच्या.

मी तोंड लपवत फोन केला. बाई रिक्षाने आल्या, जॅकवर लटकलेल्या गाडीभोवती फिरल्या आणि पोट धरून हसल्या. "एका दवाखान्यात नवं टेबल आणलं, अन् ते दारातून आतच जाईना. तसंच केलं तू."

"जुने ब्रेक परत लावू?"

"नाई. चाकं बदलव."

इतकी जीव लावलेली चाकं त्यांनी एका शब्दात सोडून दिली, याचं मला नवल वाटलं. पण विचारायचं सुचलं नाही.

नवी, मोठी चाकं लागली. गाडी जमिनीवर उतरली. बाईंनी बसून ब्रेक दाबून पाहिला आणि मान हलवली. "जड आहे. हलका कर."

ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणारा एक डबा असतो, आम्ही त्याला बूस्टर म्हणतो. मी मोठा बूस्टर बसवला. "अजून हलका." मी आणखी खटपट केली. शेवटी अशी गत झाली की मी गाडी गॅरेजच्या बाहेर काढताना सवयीप्रमाणे पाय ठेवला आणि माझं कपाळ काचेवर आपटलं.

"बाई, हे काही खरं नाई. याच्यावर चिमणी बसली तरी गाडी उभी राहीन."

"मले तसंच पाहिजे," त्या म्हणाल्या. त्या वेळी त्या हसत नव्हत्या.

नवे ब्रेक लावले की त्यांना बसवावं लागतं. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, दाबून वेग कमी करायचा, पुन्हा पळवायची, पुन्हा दाबायचं. पॅड आणि डिस्क एकमेकांना घासून एकजीव होईपर्यंत हाच खेळ. आम्ही मार्कंड्याच्या देवळाकडच्या रस्त्याला गेलो. जत्रेचे दिवस नव्हते, सकाळची वेळ, रस्ता रिकामा. बाई चालवायला, मी डाव्या बाजूला. गाडी झेप घ्यायची, नाक खाली घालून दबायची, पुन्हा झेप घ्यायची.

हा प्रकार लांबून बघणारा एक पोलीस रस्त्यात आडवा आला. आमच्या भागात असल्या गाडीवर कोणाचीही नजर जाईल.

"पळवता अन् थांबवता, पळवता अन् थांबवता. काऊन जी? काय चालून राह्यलं हे?"

"ब्रेकले सवय लावून राह्यली," बाई म्हणाल्या.

त्याने वाकून आत पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे, भूलवाली बाई! ओळखलं काय मले? माह्या घरवालीले तुम्हीच भूल देली होती, आष्टीले. पोरगी आता शाळेत जाते." मग त्याने टपरीवरून चहा मागवला, तो संपेपर्यंत गाडी सोडली नाही आणि जाताना मला दरडावलं, "बाईंची गाडी नीट करून दे."

ब्रेक बसले. नव्या पॅडचा जळका वास गेला, पकड एकसारखी झाली. मी खूश होऊन म्हटलं, चला, घरी जाऊ. बाई म्हणाल्या, "थांब. एक काम राह्यलं. मी चालवते. तुह्या मनात येईन तेव्हा 'थांबा' म्हण. आधी इशारा द्यायचा नाई."

मला गंमत वाटली. एका सागाच्या झाडाशी आल्यावर मी ओरडलो, "थांबा!" गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली. मी टाळी वाजवणार, तोच मागे वळून पाहिलं. झाड बरंच मागे राहिलं होतं. पुन्हा केलं. मी शब्द बोललो, आणि शब्द आणि ब्रेक यांच्यामध्ये थोडा वेळ रिकामाच गेला. गाडी त्यानंतर थांबली, झकास थांबली. तिसऱ्यांदा मी "थांबा" म्हणून रस्त्याकडे न बघता त्यांच्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायलाच तयार नव्हता. बाईंनी मांडीपासून सगळा पाय उचलून तो ब्रेकवर नेऊन ठेवला.

त्यांनी गाडी कडेला लावली. साडी थोडी वर घेऊन पाऊल दाखवलं. "हे पाह्य. बोटं वर कर म्हटलं तं करत नाई. कमरेतली नस दबली. ऑपरेशन झालं, व्यायाम चालू आहे, पण पाय उशिरा ऐकते."

त्यांनी साडी सारखी केली.

"जोर कमी पडते, म्हणून ब्रेक हलका करून घेतला. वाटलं, तेवढ्यानं भागन. जोराचं भागलं रे. तू काम चांगलं केलं. पण उशिराचं नाई भागलं." दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत होत्या. "टेबलाशी कोणाचा हात थरथरताना दिसला तं मी त्याले बाजूले करते. सर्जन असो की कोणी असो. इथी मले कोण बाजूले करणार? समोर चितळ येईन, नाई तं कोणाचं लेकरू येईन."

मग त्या रडल्या. पदर वगैरे न लावता, सरळ समोर बघत. आपण काहीतरी धीराचं बोलावं असं मला फार वाटत होतं, आणि जे जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, दार उघडलं, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "सरक तिकडं. चालव."

परतीच्या वाटेवर मी दर वळणावर इतक्या जोरात थांबत होतो की दोघांच्याही माना दुखल्या.

त्यानंतर बाईंनी स्टिअरिंग हातात घेतलं नाही. एक ड्रायव्हर ठेवला, तो दोन दिवसांत चावी टाकून गेला. दुसरा म्हणाला, "बाई, ही गाडी आहे का उड्या मारणारा गोऱ्हा?" त्या ब्रेकवर कोणाचाही धडधाकट पाय ठरत नव्हता. मग दवाखान्याची गाडी यायची त्यांना न्यायला. ती यायला वेळ लागायचा आणि तोवर त्या औषधांची पेटी हातात घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या, एकदा रस्त्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत. मला ते बघवत नसे.

"जुना बूस्टर परत लावून देतो," मी कितीदा म्हटलं. "कोणीही चालवू शकन. तुम्ही वेळेवर पोचाल."

एरवी कामाच्या आड काही येऊ न देणाऱ्या बाई या एकाच गोष्टीला अडून बसल्या. नजर चुकवत म्हणायच्या, "राहू दे ना. व्यायाम चालू आहे. उद्या पायानं ऐकलं तं?"

डॉक्टर होत्या. पाय ऐकणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण गाडी तशीच ठेवली होती आणि मीही मग विषय काढणं सोडलं. पंधरवड्याने जाऊन इंजिन चालू करायचो, बॅटरी बघायचो. बाई ओट्यावर बसून पाऊल वर-खाली करायचा प्रयत्न करत असायच्या.

या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या. हैदराबादहून मुलगी आली, तिने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "काका, विकून टाका." नागपूरचा एक तरुण गिऱ्हाईक म्हणून आला, गल्लीतून चक्कर मारली आणि मान चोळत उतरला. गाडी त्याला फार आवडली होती. म्हणाला, "भाऊ, घेऊन टाकतो. फक्त तेवढा ब्रेक जड करून द्या."

"करून देतो," मी म्हटलं. "उद्या ये."

तो गेला. गाडी रस्त्यात उभी होती, आत घ्यायला हवी होती. मी बसलो आणि सुरू केली. पहिल्याच खेपेला पाय जोरात पडला, गाडी गचकन थांबली, कपाळ वाचलं. मग मी चप्पल काढून बाजूला ठेवली. पायाची बोटं सैल सोडली, त्यात जीवच नसल्यासारखी, आणि पाऊल ब्रेकवर नुसतं टेकवलं. गाडी जराही धक्का न देता, हळूहळू गॅरेजच्या दारातून आत आली आणि थांबली.