भिला आबांच्या रजया

हिवाळा लागला की आमच्या शेजारचे भिला आबा दुसऱ्याच्या घरात झोपायला जायचे. धरणगावच्या बाहेर कपाशीच्या शेतात एक बंगला आहे. मालक पुण्याचे. नाताळच्या सुट्टीत भरीत-पुरी आणि गार हवा खायला येत. बाकी वर्षभर बंगला बंद आणि किल्ली आबांच्या कंबरेला.

पाहुणे येण्याआधी पंधरा दिवस आबा टाकी धुवायचे, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायचे, रजया उन्हात टाकायचे. मग रोज एक रजई घेऊन एकेका खोलीत झोपायचे. मी एकदा हसले, तर म्हणाले, "हासस काय, पोरी! अंगवर लेवाशिवाय कसं समजी, थंडी कोठून घुसस ते? पाव्हना कुडकुडना, त नाव मन्हं जाई!"

जुने मालक नाना आल्या आल्या विचारत, "भिला, झोप कशी लागली यंदा?" त्यावरून घराची दुरुस्ती ठरायची.

आमच्या घरात पदवीधर झालेली मी पहिली. एका खोलीत अभ्यास होईना, तेव्हा आबांनी नानांना विचारून बंगल्याचा व्हरांडा मला उघडून दिला. आज मी शाळेत शिकवते ते त्यामुळे.

नाना गेले. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या मुलाने, भाऊंनी, बंद घरात चोरी होऊ नये म्हणून खोल्यांमध्ये कॅमेरे बसवले. आबा त्यांच्या काचा रोज पुसत. "भाऊले साफ दिसाले पाह्यजे ना!"

भाऊंना साफ दिसलं. त्यांच्या पलंगावर आबा, रजई गुंडाळून.

आबांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मला आला. मी नानांच्या वेळची रीत सांगितली. म्हटलं, "चोरून झोपणारा माणूस कॅमेरा पुसेल का हो?"

"मॅडम, पटतं मला," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "पण मिसेसला आता तिथे झोपायला लावणार नाही. किल्ली तुम्ही घेऊन ठेवा. आणि त्या रजया त्यांनाच देऊन टाका."

ओरडले असते तर मलाही भांडता आलं असतं.

आबा बंगल्याच्या अंगणात रजया उलटत होते. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी लगेच कंबरेची किल्ली सोडली. रजयांचं ऐकून मात्र थांबले.

"पन एकबी खराब नई शे, पोरी. बठ्ठ्या दख्यात मी."

बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, त्यांनी अंगावर घेऊन पाहिल्या होत्या. त्यांनी कडुनिंबाचा पाला घालून रजया कपाटात रचल्या. एकही घेतली नाही. कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "भाऊले सांग, मधली खोलीनी खिडकी अजून वारा लेस. सुतार बलाव म्हना."

मी तसा निरोप पाठवला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

त्या हिवाळ्यात आबा मला शाळेच्या वाटेवर गाठून विचारत, "सुतार उना का?"

"येईल, आबा," मी म्हणायची.