शुभेच्छुकांची डोकी आणि मेघनाचा डोळा

फ्लेक्स छापायच्या दुकानात शाई संपते, लाइट जाते, पण किस्से संपत नाहीत. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या माझ्या दुकानात तर मशीनखाली कात्रणं साचावीत तसे ते साचलेत. मला डिझाइन कोणी शिकवलं नाही. फोटोफ्रेम विकता विकता जे दिसलं ते उचललं. त्यामुळे आमच्या मेघनाकडे बघताना मला भारी कुतूहल वाटायचं, की ही पोरगी शिकते तरी कशी?

मेघना चामटोली गावची, माझ्याकडे डिझाइन करायला लागलेली. वडील शेतकरी, शर्यतीच्या बैलांचे शौकीन. ही रोज घरी जाऊन कुरकुरायची, "आज पण गिऱ्हाइकाने माझं डिझाइन बदललं!" शेवटी वडिलांनी निकाल दिला, "दिवाळीपर्यंत एक तरी चित्र कोणी जसंच्या तसं नेऊ दे. मंग तू कलाकार! नायतर एमआयडीसीत पॅकिंगला जायचं."

* * *

पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "जा, मार्केटमधले बोर्ड बघून ये." मला वाटलं अर्ध्या तासात येईल. बाई संध्याकाळी उगवल्या!

"काय शिकलीस?"

"काका, इथे सगळेच बोर्ड ओरडतायत. म्हणून ऐकू कोणाचंच येत नाही."

मी हळूच बाहेर जाऊन आमचा बोर्ड बघितला. लाल, पिवळा, हिरवा, आणि भोवती फिरते लाइट.

लाइट त्याच संध्याकाळी बंद!

* * *

तिची एक सवय होती. डिझाइन झालं की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची आणि डोळे अर्धे मिटून स्क्रीनकडे बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "बारीकसारीक सगळं पुसलं जातं, काका. उरतं तेच लोकांना दिसतं."

मला नादच लागला. बोर्ड बघ, भाजीची गाडी बघ, सगळीकडे डोळे बारीक. एकदा बायको नवी साडी नेसून समोर आली. मी सवयीने डोळे बारीक केले आणि म्हटलं, "काठ दिसतोय. बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात डबा आला नाही!

* * *

शेजारच्या गल्लीत गोपभाईंचं साड्यांचं दुकान. त्यांच्या सेलसाठी मेघनाने झकास बॅनर केलं. एका बाजूला एकच साडी, मजकूर थोडका, बाकी जागा मोकळी. गोपभाई बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

"बेटा, ये जगह किराये पे देनी है क्या?"

मेघनाने समजावलं, की मोकळ्या जागेमुळेच साडीकडे नजर जाते. गोपभाईंना पटलं. अगदी मनापासून पटलं. "समझ गया! बहोत बढिया!" म्हणाले. "अब उसमें बच्चों के कपडे भी डाल दे. उधर भी नजर जायेगी!"

* * *

अंबरनाथच्या एका भाऊंचा वाढदिवस होता. बॅनरवर त्यांच्या फोटोखाली शुभेच्छुकांची डोकी लावायची होती. त्यातला एक जण खिशात टेप घेऊनच आला. "माझं डोकं या बंट्याच्या डोक्यापेक्षा लहान का?"

मेघनाने सगळी डोकी सारखी केली आणि भाऊंभोवती गोलात बसवली. "आता पहिला कोणी नाही, शेवटचा कोणी नाही."

सगळे खूश. दहा मिनिटांनी बंट्या म्हणाला, "पण वर कोण आहे?"

शेवटी प्रत्येकाने आपापलं बॅनर वेगळं छापून घेतलं. गोल तोच, फक्त फिरवलेला! मी आनंदाने म्हटलं, "मेघना, याला म्हणतात डिझाइन!"

तिने तोंड फिरवलं. "काका, ही समजूत काढली. डिझाइन गेलं खड्ड्यात."

* * *

दिवाळी तोंडावर आली आणि तिचे वडीलच दुकानात हजर! त्यांचा बैल शर्यत जिंकला होता. "शेठ, गावच्या नाक्यावर फ्लेक्स लावायचाय. बैल, मी, सरपंच, आनी सगळी भावकी."

मेघनाने कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि बैल हाताने काढला. समोर फोटो नव्हता, काही नव्हतं. नुसतं तोंड, मान आणि रोखून बघणारा डोळा. खाली बैलाचं नाव. बाकी सगळं मोकळं.

वडिलांनी स्कॅन केलेलं चित्र स्क्रीनवर बघितलं. "मी कुठं हाय?"

"नाही."

"सरपंच?"

"नाही, बाबा."

"मंग बैल कोनाचा ते कसं कळंल?"

"तुमच्या बैलाला कोण ओळखत नाही?"

त्यांनी बैलाच्या डोळ्याकडे पुन्हा बघितलं. "छापा. पन लावून बघीन, मंग बदल सांगीन. दुसरा फुकट काढायचा, शेठ!"

मी मान डोलावली. मेघनाचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शटर वर करतो तर वडील पायरीवर बसलेले. तेवढ्यात मेघनाही आली; दिवाळीच्या घाईत ती आदल्या रात्री आमच्याच घरी थांबली होती. बापलेकीने एकमेकांकडे बघितलं. मीच विचारलं, "काय, बदल सांगायला आलात?"

"दुसरा काढा. गोठ्यात लावाया."

"आणि नाक्यावरचा?"

"त्याच्यासमोरनं बैल हलंना, शेठ! सकाळधरनं रस्ता अडलाय."

मेघनाने कॉम्प्युटर चालू केला. "बाबा, यात काय बदलू?"

"मना काय इचारतंस?" वडील म्हणाले. "त्याला इचार!"