जिच्यावर कुणालाच निजता येत न्हवतं अशी बाज

केशरबाई म्हंजे माझी चुलतसासू. तलवाड्यात तिच्यासारखी चौकशीखोर बाई झाली न्हाई, आन होणार बी न्हाई. लोक म्हणायचे, लग्नात अंतरपाट धरला तवा हिनं खालून वाकून नवरा बघितला. मी एकदा तिला तोंडावरच इचारलं. म्हणली, "साफ खोटं हाय. खालून न्हाई, बाजूनं बघितला."

तर गोष्ट निजामाच्या राज्यातली. गावात सुंदररावांची कापसाची वखार होती. शेतातनं कापूस यायचा, वखारीत बाया तो निवडायच्या, झोडायच्या, आन मग गाडीत भरून लांब जीनवर जायचा. जीन म्हंजे सरकी काढायचं मिशीन. ह्या बायांच्या टोळीची मुकादम आमची केशरबाई.

एके साली जीनवाल्यानं गाडीच्या गाडी परत पाठवली. कापसात पाला, माती, काड्या. सुंदररावांनी मग कुठनं तरी एक जाणता माणूस आणला. त्यानं बायांना जमिनीवरनं उठवलं. वखारीत दोरीनं विणलेल्या बाजा मांडल्या, बाजंवर कापूस टाकून काठीनं झोडायला शिकवलं. दोरीच्या फटींतनं सगळी घाण खाली, वर कापूस कसा दह्यासारखा! मालक खूश, जीनवाला खूश. जाणता माणूस फेटा सारखा करून आपल्या गावाला गेला.

आन पंधरवडा न्हाई झाला, तर पुन्यांदा गाडी परत.

सुंदरराव वखारीच्या दारात हुबं ऱ्हाऊन गरजले, "केशरबाई, तुझ्या बाया हरामखोर हायती! डोस्क्यावर माणूस असला तर काम, न्हाईतर आराम. आता एकच गाडी. ती परत आली, तर मी नांदूरघाटची टोळी आणतो. तुमी बसा घरी."

बायांनी हातातल्या काठ्या खाली ठिवल्या. ह्यातल्या निम्म्या जणींचं घर ह्या वखारीवर चालायचं. सत्यभामाचं तर सगळंच. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी. ती तोंडात पदर घालून रडाय लागली. दुसरी कुणी मुकादम असती तर बायांवरच वरडली असती. केशरबाई मातर डोळं बारीक करून हुबी. तिला राग आलाच न्हवता. तिला प्रश्न पडला होता.

"मालक," ती म्हणली, "ह्याच बाया पंधरा दिस चांगलं काम करीत होत्या. मग काल कावून न्हाई?"

"मला काय इचारती? तुझ्या बायांना इचार!"

तिनं बायांना न्हाई इचारलं. तिनं बाजा मोजल्या. आन बाजाच कमी भरल्या.

झालं! केशरबाईला गावभर हिंडायला एवढं निमित्त बास होतं. चहाड्या ऐकायला न्हाई, ह्या वेळंला खरंच कामानं हिंडली, हे मी शप्पथ घिऊन सांगते. एक बाज घावली सत्यभामाच्या शेजारणीकडं, पोरगी बाळंतीण होती. एक बाज तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्याच्या खाली. गावात बाज म्हंजे काय वखारीचं सामान व्हय? ज्याच्या घरी आजारी, बाळंतीण, पाव्हणा, त्यानं मागायची आन ज्याच्याकडं हाय त्यानं द्यायची. न्हाई म्हणणारा माणूस गावात तोंड दाखवील का?

आन शेवटची बाज कुठं घावावी? सुंदररावांच्याच वसरीवर! वर मालकाचे जावईबापू घोरत पडलेले.

"वच्छलाबाई," केशरबाई मालकिणीला हळूच म्हणली, "ही बाज वळखीची वाटती."

"अगं, जावई आले अचानक. त्यांना काय भुईवर निजवू?" वच्छलाबाई म्हणल्या. "चार दिसांची तर बात हाय. मालकांना नको सांगू."

"मी कशाला सांगू? जावई उठले की त्यांच्या पाठीला चिकटलेला कापूस मालकांना सोताच दिसंल."

ज्या बाजा वखारीत उरल्या होत्या, त्यांची बी गत बरी न्हवती. दोर ढिला पडून मधी खड्डा झालेला. घाण खाली पडायच्या ऐवजी खड्ड्यात कापसाबरुबर लोळायची. बायांना बाज ताणता येत न्हवती. ते काम धुळाजीचं. तो दोर वळायचा आन बाजा विणायचा. त्याला बोलावलं की तो म्हणायचा, "येतो उद्या," आन त्याचा उद्या तुमाला ठावं हाय, सगळ्यांचा असतो तसाच.

केशरबाई सुताराकडं गेली. म्हणली, "बाजा करायच्या. हुबं ऱ्हाऊन काम करता येईल एवढ्या उंच. आन लांबीला आखूड, दोन हात बास."

सुतार रंधा थांबवून बघतच ऱ्हायला. "बाई, ह्याच्यावर निजणार कोण?"

"कुणीच न्हाई. तशीच पायजे."

मग ती धुळाजीकडं. "भावजी, आमच्या बायांना बाज विणायला अन ताणायला शिकवा."

धुळाजी खवळला. "बायांनी बाज विणायची? लोक मला हसतील, वैनी! आन मग मला कोण इचारील?"

"दोर तर तुमीच वळणार. आन तुमच्या बायकूची येणी कोण घालतं, तुमी घालता व्हय?"

"ती तिची तीच घालती."

"मग बाईच्या बोटाला पीळ कळतो म्हणायचं. चला उठा. तुमच्यासाठी च्या ठिवलाय."

तवा आमच्याकडं च्या नवीन होता. धुळाजी च्यासाठी आला आन शिकवून गेला. पैल्या दिशी बायांनी असलं काय विणलं, की ती बाज हाय का कोळ्याचं जाळं, कळंना. हसून हसून पुरेवाट. पर हळूहळू हात बसला. ज्या बाईनं जी विणली ती तिची बाज. केशरबाईनं एकच सांगून ठिवलं: सकाळी कापूस टाकायच्या आधी दोर बोटानं छेडायचा. टणकन वाजला तर काम सुरू. भद्द वाजला तर काठीला हात लावायचा न्हाई, आधी ताणायचं. बघायला मुकादम नको का मालक नको. कान असला की झालं.

आता खरी गंमत. शेवटची गाडी भरायचे दिवस आले, आन ही बया म्हणती कशी, "मी भणीकडं चालले."

सुंदररावांचा जीव खालीवर. "आत्ता? तू नसल्यावर ह्यांच्याकडनं काम कोण करून घेणार?"

"तेच तर बघायचंय मला."

बघायचंय म्हणली खरी, पर लांबनं कसं दिसणार? भणीकडं, जानकीबाईकडं, तिला घास गिळंना. जानकीबाई म्हणली, "तू मला भेटाय आली का दाराला? सारखी दारात!" शेवटी सांगितल्या दिवसाच्या आधीच ती गाडीत बसून माघारी आली. घरी न्हाई, सरळ वखारीत. आन आत न जाता दाराच्या आड हुबी ऱ्हायली.

आत तमाशा चालला होता. गाडी जुंपलेली, गाडीवान शहादेव बैलाची पाठ खाजवीत हुबा, आन बाया काय करीत होत्या? सगळ्या काम सोडून बाजंचे दोर ताणीत होत्या!

सुंदरराव लालेलाल. "गाडी हुबी हाय! आजच्या आज भरा!"

सत्यभामा, तीच रडणारी सत्यभामा, दोराला पाय लावून ताणीत म्हणली, "मालक, कालच्या झोडण्यानं दोर सैल पडलाय. भद्द वाजतोय. ह्याच्यावर झोडला तर कापूस परत येईल."

"मी सांगतोय ना, भर!"

"भरते की. पर उद्या. आज भरून परत आला तर तुमी आमाला घरी बशिवणार. मग आमी आजच बसतो."

दाराआड केशरबाईनं पदर तोंडात कोंबला. आत जावं, मालकाला समजवावं असं तिला शंभरदा वाटलं. पर गेली न्हाई. ह्या बाया वाकतात का बघायचं होतं.

न्हाई वाकल्या. सुंदरराव थोडा वेळ पाय आपटीत फिरले, मग एका बाजंचा दोर सोताच बोटानं छेडून बघितला. भद्द. कुणीतरी फिसकन हासलं. मालक शहादेवाला म्हणले, "बैल सोड बे. उद्या जायचं."

तवा कुठं केशरबाई आत आली. तिला वाटलं, बाया धावत येतील, आक्का आली, आक्का आली म्हणतील. सत्यभामा मान वर न करता म्हणली, "आक्का, जरा बाजूला सरका, दोरावर पाय पडलाय तुमचा." आमची केशरबाई गुमान सरकली. ती गुमान सरकल्याचं मी जन्मात एवढं एकदाच ऐकलं.

दुसऱ्या दिशी गाडी गेली. मग बाया वाटंकडं डोळं लावून. शहादेव आला तवा गाडी रिकामी होती; नुसता घुंगरांचा आवाज. बायांनी एकमेकीला मिठ्या मारल्या. सुंदररावांनी नांदूरघाटच्या टोळीचं नाव परत काढलं न्हाई.

केशरबाई मातर शहादेवाचा कासरा धरून हुबी.

"जीनवाला काय म्हणला?"

"काय न्हाई. बघितला अन उतरून घेतला."

"मुठीत धरून बघितला?"

"व्हय."

"मग तोंड कसं केलं?"

"आक्का, तोंडासारखं तोंड! बैल तान्हेलेत, सोडा."

"सोडते. आधी मला सांग, मुठीत धरला तो उजव्या हातानं का डाव्या?"