खंडेनवमीचा कीबोर्ड

घरी आलेला पाहुणा हटकून विचारतो, "एवढा लॅपटॉप असताना हे वायरीचं लटांबर कशाला?" मी हसून वेळ मारून नेते. सासूबाई तिथंच बसलेल्या असतात, त्यांच्यादेखत खरं कसं सांगणार?

पुण्यातल्या एका कंपनीची बिलं कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी येडशीजवळच्या आमच्या गावातून करते. सुरुवातीला पलंगावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊनच करायचे. आता पाय लांब करून भिंतीला टेकलेली सून म्हणजे सासूबाईंच्या लेखी रिकामी सून. "बसलीच हाईस तर एवढ्या शेंगा फोड," म्हणत भरलेलं सूप पुढ्यात यायचं. शेजारणीला सांगायच्या, "आमची बघत बसती कायबाय दिवसभर." पगार घरात येत होता, पण माझं काम काही कामात धरलं जात नव्हतं. जन्मभर उन्हात खुरपलेल्या बाईला हे काम वाटावं तरी कसं, हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो!

मग खंडेनवमी आली. अंघोळ करून बाहेर येते तर विळा, खुरपी, कोयता, कुऱ्हाड असं सगळं ओळीनं मांडलेलं आणि शेवटी पाटावर माझा लॅपटॉप, सताड उघडा. त्यावर हळदीकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. शिवाय सगळ्या अवजारांवर शिंपडलं तसं तांब्यातलं पाणीही.

पुसून चालू केला तर निम्मी अक्षरं उठेनात. टचपॅडला बोट लावलं तरी बाण जागचा हलेना. उशिराबद्दल कंपनीनं आधीच एकदा ताकीद दिली होती. संध्याकाळपर्यंत बिलं गेली नाहीत तर काम हातचं जाणार होतं. माझं डोकं फिरलं.

"आई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला याची पूजा करायला? आज बिलं गेली नाहीत तर काम जाईल माझं!"

त्या दचकल्या. उदबत्ती हातात तशीच राहिली. "कुणी कशाला सांगाया पायजे? आमचं खुरपं, तसं तुझं हे. तुझ्या अवजाराला तेवढं सोडून द्यावं व्हय?"

एवढे दिवस जे ऐकायला जीव आसुसला होता, ते नेमकं अशा वेळी ऐकायला मिळालं. हसावं की रडावं कळेना.

आमचे हे मोटारसायकल काढून धाराशिवला गेले. देवीला निघालेल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत कीबोर्ड आणि माउस घेऊन आले. शिलाई मशीनवर फळी टाकून मी ताठ बसले. माउस सरळ चालत होता, बोटं भराभर पडत होती. मांडीवर घेऊन मी उगीच एवढे दिवस मान मोडून घेतली, असं वाटलं. ऊन उतरता उतरता शेवटचं बिल गेलं.

बाहेर आले तर सासूबाई चुलीपाशी बसलेल्या. पुढ्यात झाकलेलं ताट. त्यांचा नवरात्राचा उपास खरं तर सकाळीच सुटायचा होता. घरातले सगळे जेवून मोकळे झाले होते.

"आई, तुम्ही अजून जेवला नाहीत?"

"गेलं का गं समदं येळंत?"

"गेलं."

"माझ्यापायी तुझं काम जातंय म्हनून घासच उतरंना," त्या म्हणाल्या आणि ताटावरचं झाकण काढलं. "बस आता. तू बी सकाळपासनं उपाशीच हाईस."