प्राणहितेत राहिलेला पाटा

सिरोंच्याले माह्या लेकीले, शेवंताले, मुलगी झाली असा निरोप आला, तवा मी जवसाची चटणी वाटत होती. चटणी काढली, पाटा-वरवंटा धुतला आन् गाठोड्यात बांधला. माह्या मायचा होता तो. शेवंताचं पहिलं लेकरू बारशापर्यंत पोचलंच नाई. तवाच ती बोलली होती, "माय, पुढच्या बारशाले आजीचा वरवंटा आनजो." लेकराच्या आधी वरवंट्याले कुंची घालून पाळन्याखालून देतेत आमच्यात. लेकरू दगडासारखं टिकावं म्हनून.

सडकेनं, बैलबंडी-मोटार करत गेली असती तं बारसं हुकलं असतं. म्हनून आष्टीहून गणबा ढिवराच्या नावेत बसली. तो धान घेऊन खाली चालला होता. भाडं नाई, पन दोन्ही वेळचा सैंपाक माह्याकडं. ज्यायले या वाटेनं जायचं असंन त्यायनं कार्तिकातच जावं. पूर उतरलेला रायते, वारा उत्तरेचा, शीड लावलं का वल्हं हाती घ्याव लागत नाई. तांदूळ, मीठ, सुकट आष्टीच्या बाजारातूनच घ्यावी, पुढं रान आन् रेतीच. डिंक, सुंठ, तूप मी बाळंतिणीसाठी घेतलं होतं. गणबानं तुपाच्या मडक्याकडं लई पाह्यलं, पन मी झाकन उघडलं नाई.

गाठोडं उचलताना तो म्हने, "बाई, बारशाले चालली का घर बांधाले? दगडं कायले?"

"जड होत असंन तं तू उतर," मी म्हटलं.

संध्याकाळी काठाले नाव लावत नाई, वाघाचं भेव. काठापासून दूर, दोराले बांधलेला दगड सोडायचा आन् नावेतच निजायचं. आमच्या नदीले वर्धा येऊन मिळाली, तिथून पुढं तिले प्राणहिता म्हनतेत. पाणी एवढं रुंद का मी मीठ भाजीत टाकाचंच इसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला. शीड उतरवलं, दगड सोडला, तं दोर मधातूनच तुटला. खाली खडक दिसून राह्यले होते, नाव तिकडंच सरकत होती. गणबा नुसता माह्या गाठोड्याकडं पाहे.

मी गाठोडं सोडलं. वरवंटा पदरात घेतला, पाटा त्याच्याकडं सरकवला. त्यानं पाट्याले दोराचे चार वेढे दिले, पाण्यात सोडला. नाव हिसका खाऊन थांबली.

वारा पडल्यावर दोर ओढला तं पाटा कपारीत बसलेला. गणबानं धोतर खोचलं. "बुडी मारतो."

"नको रे भाऊ. तुह्याही घरी लेकरं हायेत."

"बाई, मायची निशाणी ना?"

"काप दोर."

त्यानं कापला. त्या सांजेले मी तुपाचं मडकं उघडलं, त्याच्या भातावर वाढलं.

बारशाच्या सकाळी पोचलो. शेवंतानं आधी वरवंटा हातात घेतला, मंग इचारलं, "पाटा?" मी सांगतलं. मंग तिनंच वरवंट्याले कुंची घातली, बायायनं पाळन्याखालून तो इकडून तिकडं दिला आन् त्याच्या मागून पोरगी. केवढी जड हो, तुपाच्या मडक्यासारखी. मी हसत होती आन् डोळे पुसत होती.

येताना सडकेनं आली, आधी बंडी, मंग मोटार. वरवंटा तिथंच ठेवला. आता चटणी वाटाले शेजारनीकडं जातो. ती म्हनते, नवा पाटा काऊन नाई घेत? घेईन. पन पोरगी चालाले लागली का तिले आधी नदीवर नेईन, आन् ती जागा दाखवीन.