पुढची चित्रं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मांडवीतल्या आमच्या आंबा संघाच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी मोठे खरेदीदार येणार होते. खुर्च्या, कोकम सरबत, सगळी तयारी मी करून ठेवली होती. फक्त त्यांना दाखवायच्या चित्रांची, मुंबईत करून आणलेली फ्लॉपी आमच्या कॉम्प्युटरवर उघडेना.

कोल्हापूरहून एसटीने दुरुस्तीवाला आला. खांद्यावरची बॅग न उतरवता, उभ्यानेच काम करू लागला. फ्लॉपी घालण्याआधी त्याने स्क्रीनवर बोटाने हलकेच टकटक केली.

"आत कोण आहे काय बघताय?" मी विचारलं.

"आहेत, मॅडम. आतनं कडी लावलीय." तो हसला नाही. "चित्रं नव्या प्रोग्रॅमवर केलीत. तुमचा जुना आहे."

त्याने स्वतःजवळचा नवा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर भरला आणि पहिलं चित्र उघडलं. मी "सुटले बाई!" म्हणेपर्यंत तो दाराशी पोचला होता.

"अहो, पुढची नाही बघायची?"

"पहिलं उघडलं की लोक 'या आता' म्हणतात. पुढचं कुठं कधी बघितलंच नाही."

"मग बसा हो. माझीही उद्याची तालीम होईल."

त्याने बॅग खाली ठेवली. कलमं, पेट्या, रसाचे डबे, एकेक चित्र मी समजावून सांगितलं. मी हातात दिलेलं सरबत प्यायचं विसरून तो ऐकत होता. शेवटी स्क्रीन काळा झाला.

"संपलं?" तो म्हणाला. मग सरबताचा एक घोट घेऊन, "पुन्हा एकदा लावू या? नीट उघडतंय ना, बघायला हवं."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.