सभा खरी व्हती

जुन्नरहून सुटलेल्या एसटीत माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. गळ्यात बारीक क्रूस, मांडीवर जाडजूड अनुवादित कादंबरी. ओळीवरून बोट फिरवत त्या वाचत होत्या आणि मधूनच थांबून खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या हातात इतिहासाचे पेपर दिसले, तसं त्यांनी विचारलं, “सर, रोमच्या बादशहानं सभा भरवून येशूला देव ठरवलं, असं यात लिवलंय. खरं हाय का? हे वाचल्यापासनं माझा लेक प्रार्थनेला बसत न्हाई.”

मी म्हणालो, “सोळा-सतराशे वर्षांपूर्वी धर्मगुरूंची सभा खरीच भरली होती. पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून येशूला देव मानत होते. या कादंबरीतली गुप्त मंडळी आणि कटकारस्थानं मात्र लेखकाच्या मनातली.”

आता बाई लेकाला खोटं पाडणार, असं मला वाटलं. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, “मंग त्याला आधी सांगते, सभा खरी व्हती. त्याचं खरं तेवढं मी मानलं, तर पुढचं तो ऐकंल.”

येडगावच्या फाट्यावर त्या उतरल्या, तिथं लेक मोटारसायकल घेऊन आला होता. मागे बसता बसताच त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागल्या. एसटी हलली, तेव्हा त्यानं गाडी बंद करून आईकडे मान वळवली होती.